पुरे की पूरे

मी त्या दिवशी ‘पुरे’ म्हटलं होतं. हे लिहून ठेवतो, कारण तोंडी सांगून आजवर काही उपयोग झालेला नाही.

मराठीतलं पुरे म्हणजे बस, आता थांब. हिंदीतलं पूरे म्हणजे सगळं, अगदी शेवटपर्यंत. कागदावर दोघांत एका उकाराचा फरक दिसतो. जुन्या मोटारीत, काचा खाली केलेल्या असताना, निशातगंजच्या पुलाच्या उतारावर तेवढाही उरत नाही.

आमची मोटार फुगीर गालांची आणि लांब नाकाची होती, माझ्या लग्नाच्याही आधीच्या घडणीची. आमच्या इचलकरंजीकडे तसल्या गाडीला डुक्कर म्हणत. शिवी म्हणून नव्हे, नाकावरून. लखनौत लालबागच्या मिस्त्रीला मी हे एकदा भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तो बॉनेटवरचा हात काढून म्हणाला, “होगा, साहब। मगर जब मैं इसके नीचे लेटा हूँ, तब यह नाम मत लीजिएगा।” पुन्हा मी ते नाव घेतलं नाही.

गाडी मी हजरतगंजातल्या एका म्हाताऱ्या वकिलाकडून घेतली. त्याला ती विकायची नाही असं तो दाखवत होता आणि मला ती घ्यायची नाही असं मी. हे वर्षभर चाललं. शेवटी त्याच्या गॅरेजचं छप्पर गळायला लागलं आणि मी त्याला छपराचे पत्रे बसवून द्यायचं कबूल केलं, तेव्हा तो वाकला. पत्र्याचं काम माझं घरचंच होतं.

मी इचलकरंजीहून लखनौला आलो तो पत्रे कापायला. दुसऱ्याच्या कारखान्यात कापले, मग चिनहटला स्वतःची शेड टाकली. आमच्याकडे पिंजरे होत. लखनौत संशोधन संस्था पुष्कळ, आणि औषधं आधी उंदरांना देतात. उंदरांना राहायला जागा लागते. जाळी, तळाची ताटली, पाण्याच्या बाटलीचा आकडा, सगळं आमच्या शेडमध्ये तयार होई. मराठी मंडळातले निम्मे लोक याच संस्थांमधले शास्त्रज्ञ होते आणि उरलेले बहुतेक लष्कर आणि हवाई दलातले. शास्त्रज्ञ माझ्या पिंजऱ्यांतल्या उंदरांवर निबंध लिहून परदेशी जाऊन आले. पण नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना ‘हे आमचे पिंजरेवाले’ यापलीकडे कोणी गेलं नाही. हे सांगण्याचं कारण पुढं येईल.

मला एकच मुलगी. जन्म लखनौचा. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर ती हिंदीत देई. मी विचारायचो, “अभ्यास झाला का?” ती म्हणायची, “हो रहा है, बाबा।” असा आमचा संसार दोन भाषांत सुखानं चालला होता. लहानपणी सुट्टीत ती शेडवर येऊन बसे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिनं आपण होऊन सांगितलं, की परीक्षा झाली की मी शेडवर येईन, आधी मला गाडी शिकवा. माझ्यानंतर शेड कोण बघणार हा विषय घरात कधी उघड निघाला नव्हता. तो त्या एका वाक्यात मिटला असं मला वाटलं. आमच्या इंदिरानगरच्या घरापासून चिनहट काही लांब नाही, टेम्पोनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या तीनचाकीनं, जाता येतं. पण टेम्पोतून उतरणाऱ्या मालकाचं कोणी ऐकत नाही, आणि ती तर वीस वर्षांची मुलगी. तिनं स्वतः गाडी चालवत फाटकातून आत यायला हवं होतं.

तेव्हा मी तिला शिकवायला लागलो. हिवाळ्यातले रविवार, सकाळी धुकं विरल्यावर. ती स्टिअरिंगवर, मी डावीकडे. शिकवताना माझी भाषा सरमिसळ होई, कारण समोरून हिंदी येत होती. “क्लच दाब. हां, अब धीरे. सोड, सोड. अरे देख के.” माझा आवाज मोठा आहे. शेडमध्ये यंत्रं चालू असतात, तिथं लहान आवाजाचा उपयोग नसतो.

गाडीच्या पुढच्या ब्रेकांबद्दल थोडं सांगायला हवं. ते जुन्या पद्धतीचे, ड्रमचे होते. चाकाबरोबर एक लोखंडी डबा फिरतो, त्याच्या आत दोन शू असतात, पेडल दाबलं की ते पसरून डब्याला आतून घासतात. दोन्ही चाकांतले शू सारखे बसले तर गाडी सरळ थांबते. आमचे कधी सारखे बसले नाहीत. डावं चाक आधी धरायचं. हलकं दाबलं तर कळायचं नाही, पण जोरात दाबलं की गाडी डावीकडे ओढ घ्यायची. मी स्वतः ब्रेक मारताना स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवी. ते हाताला ठाऊक होतं. डोक्यातून जात नसे.

त्या रविवारी पहिल्यांदाच तिनं गाडी पुलावर घातली. चढ नीट चढली. उतारावर समोर एक सायकलरिक्षा संथ चालली होती, तिनं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली आणि मला ती डावीकडे झुकतेय असं जाणवलं. रिक्षा अजून लांब होती, आणखी दाबायची गरज नव्हती. मी म्हटलं, “पुरे, पुरे.”

तिनं पेडल तळाला नेलं.

गाडी डावीकडे वळली ती पदपथाच्या कडेवर चढून भुईमुगाच्या शेंगांच्या ठेल्यावर गेली. हिवाळ्यात लखनौत शेंगांच्या ढिगावर निखाऱ्यांचं मडकं ठेवतात, ते फुटलं. ठेलेवाला आधीच बाजूला उडी मारून उभा होता. कोणाला लागलं नाही. शेंगा मात्र रस्ताभर झाल्या आणि क्षणात तिथं माणसं जमली. निम्मी भांडण बघायला, निम्मी शेंगा वेचायला.

ठेलेवाला मला म्हणाला, “बाबूजी, ख़रीदना था तो उतर के ख़रीदते।”

मी त्याची भरपाई तिथल्या तिथं केली. एरवी मी असल्या ठिकाणी घासाघीस केल्याशिवाय राहत नाही, त्या दिवशी केली नाही. मुलगी गाडीबाहेर उभी राहून बघत होती. कोणीतरी विचारलं, बिटिया, ब्रेक क्यों नहीं लगाया? ती त्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाली, “लगाया तो। बाबा ने कहा पूरे, मैंने पूरा दबा दिया।”

“मी पुरे म्हटलं,” मी म्हणालो.

“वही तो।”

गर्दीला यातलं काही कळलं नाही. एक म्हातारा मान हलवत म्हणाला, “बाप कह रहा है कहा, बेटी कह रही है कहा, तो झगड़ा किस बात का है?”

घरी आल्यावर झगडा कशाचा आहे ते सविस्तर निघालं. मी म्हटलं, जन्मल्यापासून रोज ताटावर तुझी आई तुला ‘पुरे का’ विचारते, तेव्हा तुला बरोबर कळतं. ती म्हणाली, “वो खाने वाला पुरे है। गाड़ी में आप आधी हिंदी बोल रहे थे।” मी म्हटलं, हिंदीत ‘पूरा दबाओ’ म्हणतात, नुसतं ‘पूरे’ कोणी म्हणत नाही. त्यावर ती म्हणाली, “आपकी हिंदी में कुछ भी हो सकता है, बाबा। आप तो ‘आवाज़ आया’ भी बोलते हैं।” हिंदीत आवाज ‘येते’, एवढं मलाही माहीत आहे.

बायको आत कणीक मळत होती. ती म्हणाली, “अहो, पुरे करा आता.” मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसायला लागली. मला हसू आलं नाही.

मुलीनं आणखी एक विचारलं, ते शांतपणे. गाडी डावीकडे ओढते हे तुम्हाला माहीत होतं का? मी म्हटलं, जुन्या गाडीचं असं सांगायचं नसतं, ते हाताला कळतं. तिनं किल्ली फडताळात ठेवली आणि कॉलेजला टेम्पोनं जायला लागली. शेडचं नाव निघेना. उलट दिल्लीला कम्प्युटरचा कोर्स असतो, तिची एक मैत्रीण जाणार आहे, असं आईकडून माझ्या कानावर यायला लागलं. माझ्याशी ती गरजेपुरतं बोले.

एवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण महिना संक्रांतीचा होता. मंडळाचा तिळगूळ समारंभ झाला, आणि बायकोनं कोणालातरी गंमत म्हणून हे सांगितलं. ते हवाई दलातल्या एका निवृत्त वॉरंट ऑफिसरपर्यंत पोचलं. हे गृहस्थ मूळचे नागपूरचे, आवाज माझ्याहून मोठा, आणि पंगतीत वाढायची त्यांना हौस. मसालेभाताचा डाव माझ्या पानावर धरून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय पिंजरेवाले, पुरे की पूरे?”

पंगत हसली. शास्त्रज्ञ हसले, त्यांच्या बायका हसल्या. एका डॉक्टरेट झालेल्या बाईंनी शेजारणीला उकार समजावून सांगितला. मी भात घेतला नाही. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे पुरे. बघा, स्पष्ट सांगितलं की कळतं.”

त्यानंतर जिलबी, मठ्ठा, कोजागरीचं दूध, काहीही असो, प्रश्न तोच. आजही तोच आहे.

मला वाद मिटवायचे दोन मार्ग माहीत आहेत. एक, समोरच्याला बोलून गप्प करायचं. दुसरा, वस्तूच बदलून टाकायची. बोलून झालं होतं. मी विचार केला, की गाडी जोरात ब्रेक मारल्यावरही सरळच थांबली असती, तर पुरे ऐकलं काय आणि पूरे ऐकलं काय, शेंगा जागेवर राहिल्या असत्या. तेव्हा पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे. डिस्कमध्ये लोखंडाची एक उघडी थाळी चाकाबरोबर फिरते आणि दोन बाजूंनी चिमटा तिला पकडतो. रस्त्यावर तेव्हा नव्या छोट्या गाड्या झाल्या होत्या, त्यांच्या पुढच्या चाकांना हेच असे. एक अपघातात मोडलेली नवी गाडी मिळवायची आणि तिच्या थाळ्या, चिमटे जुन्या गाडीवर चढवायचे.

लाटूश रोडच्या मागच्या गल्लीत भंगारवाले बसतात. तिथं मी आधी दुसऱ्याच कशाची तरी चौकशी केली, दाराची काच, आरसा, आणि निघता निघता डिस्ककडे बोट दाखवलं.

भंगारवाला म्हणाला, “एकदम नई है, बाबूजी। गाड़ी पीछे से ठुकी थी, आगे खरोंच तक नहीं।”

मी थाळी हातात घेऊन उजेडात फिरवली. कड लहरत होती. “पीछे से ठुकी थी तो अगली प्लेट टेढ़ी कैसे हुई?”

“पिछली के ग़म में, बाबूजी।”

मला संताप आला होता, तरी तो माणूस मला आवडला. वाकडी थाळी त्याच्यासमोर फळीवर आपटून मी चालायला लागलो. गल्लीच्या तोंडाशी चहा प्यायलो. परत आलो तेव्हा त्यानं दुसरी जोडी काढून ठेवली होती, सरळ. भाव आम्ही संध्याकाळपर्यंत केला. शेवटी तो म्हणाला, “आप महाराष्ट्र के लोग लड़ते बहुत इत्मीनान से हैं।” मी तितक्याच निवांतपणे चिमट्यांवर रबरी पाइप फुकट घेतले.

थाळ्या आल्या, पण नव्या गाडीचा चिमटा जुन्या गाडीच्या चाकामागच्या लोखंडी हाडावर बसत नाही. मध्ये जाड लोखंडाची पट्टी लागते, तिला भोकं नेमक्या जागी. ती मी शेडमध्ये स्वतः कापली. आधी पुठ्ठ्याची करून बघितली, मग पत्र्याची, मग खरी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून एकदम भोकं पाडली, म्हणजे डावं-उजवं हा प्रकारच राहायला नको. पिंजऱ्यांचं काम तेवढे दिवस मागं पडलं. एका संस्थेतून फोन आला, की उंदीर येऊन बसलेत. मी म्हटलं, बसू द्या.

लालबागचा मिस्त्री या सगळ्याच्या विरोधात होता. माणूस माझ्याच वयाचा, हातापेक्षा तोंडानं जास्त काम करणारा, आणि स्वतःच्या मतावर फार खूष. तो म्हणाला, “साहब, बूढ़े आदमी को जींस पहना रहे हैं।” मी म्हटलं, पहना रहा हूँ, तुम बस बटन लगाओ. त्यानं बसवून दिलं. चाकं घातली, गाडी गल्लीतून फिरवून आणली आणि उतरून विजयानं माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या चाकाजवळ हात नेला. चटका बसला.

“गरम है,” मी म्हणालो.

“नया है, साहब। नया हर कोई गरम रहता है।”

ते नवेपण नव्हतं. पेडल सोडल्यावरही चिमटा थाळीला सोडत नव्हता. यावर आमचं आठवडाभर भांडण झालं. तो म्हणे तुमची पट्टी तिरपी. मी पट्टी काढून त्याच्या फरशीवर ठेवून दाखवली, डुगडुगली नाही. मी म्हणे चिमट्यात गंज. त्यानं चिमटा उघडून दाखवला, गंज नव्हता. आम्ही दोघंही चुकलो होतो आणि दोघांपैकी कोणी गाडी सोडून जायला तयार नव्हतं. अखेर कंटाळून सगळंच खोलत गेलो, तेव्हा पेडलच्या बाजूच्या नळकांड्याच्या तोंडाशी एक बारीक झडप निघाली. ड्रमच्या पद्धतीत नळीत थोडा दाब कायम राहावा म्हणून ती बसवलेली असते. ड्रमला तो दाब लागतो. डिस्कला तो गळफास होतो. झडप काढून टाकली. ती कोणाला आधी दिसली यावर मिस्त्रीचं आणि माझं आजही एकमत नाही.

पण नळ्या उघडल्या की आत हवा शिरते, आणि हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं होतं. ती काढायला दोन माणसं लागतात. एक पेडल दाबून धरतो. दुसरा चाकापाशी बारीक नळी उघडतो, बुडबुड्यांसकट तेल बाटलीत उतरतं, मग तो नळी बंद करतो, आणि त्यानंतरच पहिल्यानं पेडल सोडायचं. आधी सोडलं की सगळी हवा परत आत.

पेडलवर मी बसलो. मिस्त्री चाकापाशी आडवा.

“दबाइए।”

दाबलं.

“छोड़िए…” मी सोडलं. “…मत।”

मग तो रांगत बाहेर आला. तोंडावर तेल उडालं होतं. “साहब, मैंने ‘छोड़िए मत’ कहा था।”

“तो ‘मत’ पहले बोलो।”

“हमारे यहाँ बाद में भी आता है।”

मराठीतही नकार मागूनच येतो, सोडू नका. पण ते मी त्याला सांगितलं नाही. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्या वेळी त्यानं पाना खाली ठेवला. म्हणाला, कोई तीसरा ले आइए जो आपकी भी समझे और मेरी भी.

असं माणूस माझ्या माहितीत एकच होतं.

मी घरी जाऊन मुलीसमोर बसलो. गाडी चालवायची नाही, म्हटलं, उभ्या गाडीत बसून नुसतं पेडल दाबायचंय. ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, “मिस्त्री को दबाने दीजिए।”

“तो खाली असतो.”

“तो आप दबाइए।”

“मी दाबलं.”

“फिर?”

मला सांगावं लागलं. ‘छोड़िए मत’ ऐकल्यावर तिनं पुस्तक मिटलं. ती हसली नाही, पण हसण्याच्या फार जवळ आली होती. मग तिनं अट घातली. आधी मंडळात सर्वांसमोर सांगा, की मी पूरे म्हटलं. मी म्हटलं, जे म्हटलं नाही ते सांगणार नाही, गाडी विकावी लागली तरी. तिनं दुसरी अट घातली, तेही नको, तर ‘पोरीला तसं ऐकू आलं, यात तिची चूक नाही’ एवढं सांगा. मी म्हटलं, यात माझीही नाही हे तू सांगणार असशील तर. ती म्हणाली, “आप हर चीज़ में मोल-भाव करते हैं।” मी म्हटलं, आणि तू काय करतेयस?

दारातून बायको म्हणाली, “दोघं एकाच साच्यातले.”

शेवटी मुलगी म्हणाली, “ठीक है। आऊँगी। पर आप बोलेंगे नहीं। एक शब्द नहीं। मराठी भी नहीं, हिंदी भी नहीं।”

“मग तुला कळणार कसं?”

“ठोकिए।”

आमच्या शेडमध्ये मोठी कातर आहे, पत्रे कापायची. तिच्या दोन टोकांना दोन माणसं असतात आणि यंत्रांच्या गोंगाटात एकमेकांचं ऐकू येत नाही. म्हणून पत्र्यावर ठोकायची पद्धत. एकदा ठोकलं की चालव. दोनदा ठोकलं की थांब. नवीन कामगाराला मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो. तिला मी कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी सुट्टीत कोपऱ्यात स्टुलावर बसून तिनं ते घेतलेलं होतं.

ती लालबागला आली, टेम्पोनं. ड्रायव्हरच्या जागेवर बसण्याआधी थोडी थांबली, मग बसली. मिस्त्री म्हणाला, “बिटिया, पिताजी से कह दो, बोलें नहीं।” ती म्हणाली, “लिखवा के लाई हूँ, चाचा।” मी बाटली धरून चाकाशी उकिडवा बसलो आणि मडगार्डवर एकदा ठोकलं. पेडल गेलं. मिस्त्रीनं नळी उघडली, बुडबुडे निघाले, बंद केली. मी दोनदा ठोकलं. पेडल आलं. एकदा, दोनदा. एकदा, दोनदा. बाटलीतलं तेल हळूहळू बुडबुड्यांशिवाय यायला लागलं. एवढा वेळ गप्प राहण्याची मला सवय नाही. मिस्त्रीलाही नव्हती. तो अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघे, याला काही झालं तर नाही ना असं. दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच झालं. तिनं शेवटी पेडल दाबून बघितलं आणि खिडकीतून म्हणाली, “पत्थर जैसा है।”

मिस्त्री म्हणाला, “अब चला के देखो तो पता चले।”

मी काही बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरलंच होतं. तिनं स्टिअरिंगवरची धूळ तळहातानं पुसली. किल्ली लावलेलीच होती. मी वळसा घालून डावीकडे जाऊन बसलो. मिस्त्री न विचारता मागं बसला, आपलं काम बघायला, असं म्हणाला, आणि दाराच्या वरचा पट्टा धरून ठेवला.

मला वाटलं होतं ती गल्लीतून एक फेरी मारेल. तिनं गाडी हजरतगंजमधून बाहेर काढून सरळ निशातगंजच्या रस्त्याला लावली. पुलाच्या चढावर मागून आवाज आला, “बिटिया, इधर ही जाना था?” ती म्हणाली, “हाँ चाचा।”

थंडी सरली होती. उताराच्या त्याच जागेवर तोच ठेलेवाला उभा होता, शेंगांच्या जागी आता काकड्या. त्यानं लांबून गाडी ओळखली. त्यानं ठेल्याच्या दांड्या धरल्या आणि ठेला मागं भिंतीला टेकवला, मग स्वतः ठेल्याच्या मागं गेला.

उताराला लागल्यावर तिनं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली, सरळ. माझा उजवा हात आपोआप स्टिअरिंगकडे जाऊ लागला, तो मी मांडीखाली घातला. मागं मिस्त्री काहीतरी पुटपुटत होता. समोर रस्ता मोकळा होता, थांबायचं काही कारण नव्हतं. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला.

आणि तिनं पेडल तळाला नेलं.

मी पुढं आपटलो. मिस्त्री मागून माझ्या पाठीवर आला. गाडी आपल्या ओळीत जागच्या जागी थांबली, नाक समोर, पांढऱ्या पट्ट्यापासून चाक आधी जितकं लांब होतं तितकंच. मागं एक स्कूटरवाला आम्हाला वळसा घालून शिव्या देत गेला. इंजिन बंद पडलं होतं. ठेलेवाला काकड्यांवरून डोकं काढून बघत होता.

मिस्त्री म्हणाला, “मैंने कहा था न, साहब, डिस्क ही सही है।”

मुलगी समोर बघत होती. तिचे हात स्टिअरिंगवर स्थिर होते. मग ती माझ्याकडे वळली आणि एकच शब्द म्हणाली, प्रश्नासारखा.

“पुरे?”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. बास झालं ना, असं ती मराठीत विचारत होती, की पूर्ण दाबला ना, असं हिंदीत, ते मला ओळखता आलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि आमचं ठरलेलं होतं.

मी डॅशबोर्डवर एकदा ठोकलं. तिनं इंजिन चालू केलं, गिअर टाकला, आणि पुलाच्या खाली आल्यावर घराकडे न वळता गाडी फैजाबाद रोडला घेतली, चिनहटच्या शेडकडे.